गणपत जॉबरचा हिरवा रंग

रंग एकदम हिरवा होत नाही. आधी फिकट गुलाबी, मग क्षणभर निळसर, आणि मग तळ्यावर शेवाळ पसरावं तसा सावकाश हिरवा. रक्तात कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितका तो गडद.

मित्रांनो, रक्ताच्या नमुन्यात तपासणीचं रसायन मिसळलं, की हा रंग माझ्या पोटात उमटत असे. मी परळच्या एका गिरणीच्या दवाखान्यातली जुनी काचनळी. भट्टीत कुणीतरी फुंकर घालून मला आकार दिला, एवढंच जन्माचं आठवतं. पुढची वर्षं खिडकीजवळ गेली. कापसाचे तंतू उन्हात तरंगत, भोंगा दूर समुद्रात वाजल्यासारखा वाटे. तपासण्या करणाऱ्या सुमेधाबाई मला धुऊन इतकी कोरडी करत, की माझ्यातून पलीकडचं आभाळ दिसे. पाण्याचा थेंब राहिला तरी रंग बिघडतो ना!

सत्तावन्न साली साचेखात्यातला, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम, गणपत जॉबर छातीत दाटतं म्हणून आला. रंग गडद आला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. महिन्याने पाहावं तर तितकाच गडद.

“चोरून खाता की काय?” सुमेधाबाईंनी विचारलं.

“खोबरा सोडलंय, बांगडो सोडलंय. आता काय वारो खाव?”

“चोरून खाल्ल्यान तर बांगड्याचो वास लपता काय बाई?” त्याची बायको रखमा दारातून म्हणाली.

शिमग्याला दोघं पंधरा दिवस कोकणात गेली. परत आल्यावर गणपतने मान खाली घालून कबूल केलं, की पथ्य पार मोडलं. आणि माझ्यातला रंग चक्क फिकट पोपटी! सुमेधाबाईंनी पुन्हा तपासून पाहिलं. तोच पोपटी.

“गावी काय नव्हतं, जे इथं आहे?”

गणपतने आधी दाराबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाला, “यादी.”

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलेल्या, त्याच्या हाताखालच्या अकरा कामगारांची नावं लेबर ऑफिसर मनमोहन मागत होते. दिली तर त्या अकराजणांची नोकरी जाणार, नाही दिली तर त्याची. चार महिने तो ‘उद्या देतो’ म्हणत होता.

“खाणं सांभाळाच,” सुमेधाबाई हळूच म्हणाल्या. “पण मन घाबरलं की शरीर पळायची तयारी करतं. नाडी धावते, रक्तात चरबी उतरते. तुम्ही मात्र जागेवरच. रोज असंच चाललं, तर ती चरबी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटत जाते. सगळा भार हृदयावर.”

मित्रांनो, आता नवी यंत्रं आली. माझ्या ओठाचा टवका उडाला, मी कपाटात असते. अर्धवट झोपेत अजून ते ऊन दिसतं. ताटातलं खोबरं मोजणारी माणसं छातीवरचं ओझं कुणाला सांगत नाहीत. तुमच्या घरातलं कुणी असं गप्प गप्प असेल, तर जवळ बसून विचारत जा.

त्या दिवशी सुमेधाबाईंचं बोलणं संपतंय तोच मनमोहनसाहेब दार ढकलून आत आले.

“काय जॉबर, छाती धरून किती दिवस बसणार? यादी कुठंय? की पुन्हा उद्याच?”

रखमाने नवऱ्याकडे पाहिलं. गणपतने दुमडलेली बाही खाली सोडली, बटण लावलं आणि उभा राहिला.

“उद्या नाय, साहेब. आजच सांगतो. नावं मी देणार नाय.”