एकेकानं बोला

"ते मधे काय मांडलंस, तुळशीराम?"

हा प्रश्न तुळशीरामला ऐकू आला नाही. तो त्याने वाचला. टीपॉयवर तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलवर प्रश्न मोठ्या काळ्या अक्षरांत उमटला आणि पाठोपाठ दुसरी ओळ आली. "रेकॉर्डिंग करतोस काय आमचं?"

बोलणारे रघूभाऊ होते, मुलाचे चुलते. दापोड्याहून सात माणसं दोन गाड्यांतून वळ गावी तुळशीरामच्या घरी आली होती. मुलगा भाविक, घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा बघणारा. मुलगी सुकन्या, तुळशीरामची धाकटी. दोघांची पसंती आधीच झालेली होती. आजची रविवारची बैठक पुढचं ठरवण्यासाठी होती. अशा बैठकीत कागद-पेन काढत नाहीत. चार माणसांसमोर मुलीच्या बापाने मान हलवली की शब्द दिला, असं धरतात.

"टाइम बघाया ठेवलाय," असं म्हणता आलं असतं. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. आतल्या दाराशी पोह्यांच्या बशांचा ट्रे घेऊन रंजिता उभी होती. ती थोरली, पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन काल्हेरला गेलेली. आज आईच्या मदतीला आली होती.

तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं आणि नजर परत टीपॉयवर आणली.

"रेकॉर्डिंग न्हाय, रघूभाऊ," तो म्हणाला. "तुमी बोलता ते यात लिवून येतं. मना ऐकाया येत न्हाय."

"म्हंजे थोडं कमी येतं?"

"न्हाय. येतच न्हाय. बारा वर्सं झाली."

यानंतर मोबाइलवर बराच वेळ काही उमटलं नाही. खोलीत सगळे गप्प झाले, हे तुळशीरामला त्या कोऱ्या पडद्यावरून कळलं.

भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीतल्या एका कापड कारखान्यात तुळशीरामने छत्तीस वर्षं काढली होती. चोवीस यंत्रमाग एका छपराखाली. तिथे आत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज संपतो. म्हणून मागावरची माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा आला. बाकीचं समोरच्याच्या ओठांवरून वाचायचं, आणि कळलं की मान हलवायची. अर्धवट कळलं तरी हलवायची, कारण तिथे पुन्हा विचारायला सवड नसते.

तुळशीराम त्या कारखान्यातला जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. जॉबरचं सगळं भांडवल कानात. चोवीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडखळतोय, हे त्याला दारातूनच कळायला हवं. त्याचे कान हळूहळू गेले, तेव्हा तो मागाच्या चौकटीवर तळहात ठेवू लागला. हाताला हादरा समजायचा आणि दोष सापडायचा. एकदा मागावरचा एक कामगार हसत म्हणाला होता, "तुलसी चाचा, आप तो हाथ से सुनते हो!" तुळशीरामही हसला होता. पण त्या दिवशी त्याला डबा गेला नाही. शेठला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुसरा जॉबर आला असता. दोन मुली शिकायच्या होत्या.

त्यामुळे त्याने कुणालाच सांगितलं नाही. घरात बायजाबाईचे आणि पोरींचे ओठ त्याला पाठ होते. पाठीमागून हाक मारली आणि त्याने वळून पाहिलं नाही, तर बायजाबाई म्हणायची, "मुद्दाम करतात." तिचं ते म्हणणंही तो ओठांवरून वाचायचा आणि तसंच राहू द्यायचा.

सुकन्या मात्र हुशार. ती एका गोडाऊनमध्ये शिफ्टची सुपरवायझर होती. तिथे तिच्या हाताखाली नेत्रा नावाची एक मुलगी पॅकिंगला होती, जन्मापासून ऐकू न येणारी. नेत्रा मोबाइल पुढे धरायची, लोक बोलायचे, अक्षरं उमटायची. ते बघून सुकन्याने महिन्यापूर्वी तेच अ‍ॅप बापाच्या मोबाइलमध्ये घातलं. त्याला समोर बसवून, लहान मुलाला पाटी शिकवावी तसं तिने सांगितलं होतं. "हे दाबायचं. हिरवं झालं की फोन ऐकतोय. अक्षरं लहान वाटली तर दोन बोटांनी अशी ताणायची. चुकलं तर घाबरायचं नाही, परत दाबायचं."

"कवापासनं कमी येतंय, बाबा?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"आता आताच. म्हातारपण," तो म्हणाला होता.

त्या एका महिन्यात त्याचं बरंच काही सोपं झालं. औषधाच्या दुकानात कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, ते त्याने पहिल्यांदा नीट समजून घेतलं. शेअर रिक्षात बसण्याआधी मोबाइल रिक्षावाल्यापुढे धरला की गाडी कुठवर जाणार ते कळायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी मोबाइल ठेवून बसल्यावर त्याला असंही कळलं, की आपली बायको दिवसभर कुकरशी बोलते. "आज काय झालंय रे तुला, वाजत का न्हाईस?" असं पडद्यावर आलं, तेव्हा त्याने दचकून विचारलं, "मी?" आणि बायजाबाई डोक्याला हात लावून हसत बसली.

पण 'आता आताच' एवढं त्याने धरून ठेवलं होतं. बारा वर्षं म्हटलं, तर मधलं एक वर्ष उघडं पडणार होतं.

ते मास्कचं वर्ष. रंजिताची बैठक याच खोलीत झाली होती. आलेल्या प्रत्येकाचं नाकतोंड झाकलेलं. तुळशीरामला समोर दिसत होते नुसते डोळे. कोण बोलतोय तेसुद्धा समजत नव्हतं. लोक बोलत होते, मग सगळे डोळे त्याच्याकडे वळायचे, आणि तो मान हलवायचा. अशी त्याने तीनदा मान हलवली. त्यांतल्या एका होकाराने रंजिताची नोकरी गेली.

रंजिता तेव्हा भिवंडीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. त्या सालात तिने पेशंट सांभाळले, चार-चार दिवस घरी आली नाही. सासरच्यांना आजाराची भीती होती. लग्नाआधी नोकरी सोडावी, असं त्यांनी मागितलं आणि बापाने चार माणसांत शब्द दिला. पाहुणे गेल्यावर, तोंडावरचा रुमाल काढून बायजाबाईने विचारलं, "पोरीला एका शब्दानं इचारायचं तरी!" तेव्हा कुठे तुळशीरामला कळलं, की आपण कुठल्या गोष्टीला हो म्हणालो.

त्याच वेळी सांगता आलं असतं, की मी ऐकलंच नाही. पण शेठ होता, चोवीस माग होते, सुकन्याचं कॉलेज होतं. आणि दिलेला शब्द बहिऱ्या माणसाने दिला होता हे चार गावांत पसरलं असतं, ते वेगळंच. आपण कठोर आहोत असं पोरीने समजावं, तेवढं त्याने सोसलं. रंजिताने काही विचारलं नाही. नोकरी सोडली, लग्न केलं. जावई मनोज माणूस चांगला निघाला. पण तेव्हापासून ती माहेरी आली की बापाशी दोनच वाक्यं बोलायची. "बरे आहात ना?" आणि "निघते."

मोबाइलवर अक्षरं हलू लागली. आता सगळे एकदम बोलत होते. "बारा वर्षं म्हणजे", "अरे पण कारखान्यात", "पोहे घ्या", "हे सरकारी आहे काय" अशा ओळी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तुळशीरामने हात वर केला.

"एकेकानं बोला," तो म्हणाला. "सगळी एकदम बोललात तर त्यालाबी कळत न्हाय, मनाबी कळत न्हाय."

सुकन्या आतून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "पुस्तकातल्यासारखं बोललं तर बरं लिहितं ते," ती म्हणाली.

मग मोठी गंमत झाली. रघूभाऊ गावच्या सभेत माइकसुद्धा न घेता बोलणारे. पण मोबाइल पुढे सरकवल्यावर ते सावरून बसले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखे बोलू लागले. "माझे नाव रघुनाथ. मी दापोडे येथून आलो आहे."

"काका, नाव सगळ्यांना ठाऊक आहे," भाविक म्हणाला. दोन्हीकडची माणसं हसली. तुळशीरामही हसला, सगळ्यांच्या थोडा मागून, वाचून झाल्यावर.

वातावरण सैल झालं. लग्न कुठल्या महिन्यात, किती माणसं, जेवण कुणाकडे, हे एकामागून एक ठरत गेलं. ज्याला बोलायचं तो मोबाइलकडे वाकायचा, बाकीचे थांबायचे. एवढी शांत बैठक त्या घराने पाहिली नव्हती. तुळशीराम प्रत्येक ओळ वाचायचा, एखादी परत विचारायचा, आणि मग उत्तर द्यायचा.

मग रघूभाऊ पुन्हा मोबाइलकडे वाकले. या वेळी ते हसत नव्हते.

पडद्यावर स्वच्छ अक्षरं आली. "आमची एक अट आहे. लग्नानंतर मुलीने गोडाऊनची नोकरी सोडावी. आमची स्वतःची गोडाऊन आहेत. आमच्या घरातली सून दुसऱ्याकडे शिफ्ट करते, हे बरे दिसत नाही."

तुळशीरामने ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मान वर केली, तेव्हा खोलीतले सगळे डोळे त्याच्याकडे वळलेले होते. या वेळी डोळ्यांखाली ओठही होते. ते मिटलेले होते. सगळे त्याच्या मानेकडे बघत होते.

त्याची मान आपोआप खाली यायला निघाली होती. छत्तीस वर्षांची सवय. त्याने हनुवटीला हात लावला आणि ती तिथेच धरली.

"रघूभाऊ," तो म्हणाला, "याचा जबाब मना देता येनार न्हाय. नोकरी माझी न्हाय. तिची हाय. तिला इचारा."

"बापानं शब्द द्यायचा असतो, तुळशीराम. आपली रीत हाय."

"एकदा दिला मी. न ऐकता दिला." दाराकडे बघायचं त्याने टाळलं. "आता वाचल्याबिगर आन इचारल्याबिगर देनार न्हाय."

रघूभाऊंनी सुकन्याकडे पाहिलं. ती मोबाइलकडे वाकली नाही. वडिलांना आपले ओठ दिसतील अशी वळली आणि हळू, स्पष्ट बोलली, "मी नोकरी सोडणार नाही. भाविकला मी हे आधीच सांगितलंय."

"हो का रे?" रघूभाऊंनी पुतण्याला विचारलं.

भाविकने पोह्यांच्या बशीतला चमचा दोनदा फिरवला. "सांगितलंय तिने. मीच घरी बोललो नव्हतो."

"वा! हिकडं ऐकू येत न्हाय, आन तिकडं बोलता येत न्हाय," रघूभाऊ म्हणाले. हे मात्र त्यांनी पुस्तकातल्यासारखं म्हटलं नाही. मोबाइलने ते कसंबसं लिहिलं. कुणी हसावं की नाही, हे कुणालाच ठरवता आलं नाही.

बैठक तिथेच संपली. "घरी विचार करून कळवतो," असं सांगून मंडळी उठली. भाविक सगळ्यांच्या शेवटी निघाला. मोबाइलजवळ येऊन वाकला आणि "मी घरी बोलतो," एवढं बोलून गेला. गाड्या वळून रस्त्याला लागल्या. रघूभाऊ हो म्हणतील की नाही, ते सांगता येत नव्हतं.

बायजाबाई दारातून परत आली ती तशीच नवऱ्यापुढे उभी राहिली. "बारा वर्सं? आन मी मुद्दाम करतात म्हनून भांडत बसले!" एवढं बोलून ती डोळ्यांना पदर लावत आत गेली. सुकन्या तिच्यामागून गेली.

तुळशीराम खुर्चीत बसून राहिला. टीपॉयवर मोबाइल चालूच होता. स्वयंपाकघरातलं बोलणं त्यावर तुटक तुटक येत होतं. पोहे उरले. तो तांब्या घे. तू रडू नको आई.

रंजिता समोरच्या खुर्चीत येऊन बसली. रघूभाऊ बसले होते त्याच खुर्चीत. ट्रे अजून तिच्या हातात होता. तो तिने पायांशी ठेवला. ती काहीतरी बोलली. त्याने पडद्याकडे पाहिलं.

"माझ्या वेळी तुम्ही ऐकलंच नव्हतं?"

"न्हाय," तुळशीराम म्हणाला. "सगळ्यांची तोंडं झाकलेली व्हती."

पडदा कोरा राहिला. मोबाइल बंद पडला की काय, म्हणून त्याने मान वर केली. तिचे ओठ मिटलेले होते. पडदा बरोबर होता.

"मना सांगता आलं असतं," तो पुढे म्हणाला. "दुसऱ्या दिवशी. मंग लगीन लागंपर्यंत रोज. मी न्हाय सांगितलं. त्याला कान न्हाय लागत."

रंजिताने मोबाइल उचलून दोघांच्या मधोमध धरला. आणि बोलू लागली. पाच वर्षं जे दोन वाक्यांच्या पलीकडे गेलं नव्हतं, ते आता थांबेना. ओळी खालून वर सरकत होत्या, एक पुरी वाचून होईपर्यंत पुढच्या तीन येत होत्या. "दवाखान्यातून मॅडमचा फोन आला होता" असं काहीतरी होतं, "पांढरे बूट मी अजून" असं काहीतरी होतं, आणि ते वर जाऊन दिसेनासं झालं. तुळशीराम सातवीपर्यंत शिकलेला. त्याला अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागे.

त्याने हात पुढे केला आणि पडद्यावर बोट ठेवलं. ओळी थांबल्या.

"थांब, पोरी," तो म्हणाला. "माझं वाचून व्हऊ दे."

रंजिता थांबली. त्याने बोटाने सगळं बोलणं खाली ओढून पार सुरुवातीला आणलं. चष्मा सारखा केला, आणि पहिल्या ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, तो वाचू लागला.