फुकटची कलचाचणी

"मोबाइलला काय ठावं, पोराला काय आवडतं ते? त्यानं कदी ह्येच्या हातची भाकरी खाल्लीय व्हय?" गिरिजाबाई परातीत तोंड घालून पुटपुटल्या.

मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. दादाला ऐकू गेलं नाही. त्याला गिरिजाबाईंचं पुटपुटणं कधीच ऐकू जात नाही, पगाराच्या दिवशी तर मुळीच नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आबासाहेब. आमचा घरचाच कडक भाकरीचा धंदा आहे. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद धगीवर पार कुरकुरीत होईपर्यंत ठेवायची. शेंगाचटणीबरोबर लोक परगावी बांधून नेतात. थापायचं काम बायकांचं, विकायचं पुरुषांचं. हा नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे तो खोडताही येत नाही.

आणि त्या दिवशी गिरिजाबाईंच्या शेजारच्या परातीसमोर बसला होता दादाचा मुलगा, माझा भाचा अजिंक्य. बी.ए. झालेला, राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोनदा अडकलेला. दिवाळीला पुण्याहून आला तो परत गेलाच नाही. आमची बसम्मा लेकीच्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला गेली, ऑर्डरी तुंबल्या, तेव्हा 'आजच्या दिवस हात लाव' म्हणून वहिनीनं त्याला बसवलं. तो आजचा दिवस अजून संपायचा होता. तो परातीसमोर बसला की गल्लीकडचं दार लावून घ्यायचं, एवढी आमची खबरदारी. कुणी विचारलंच तर वहिनी सांगायची, "आत अभ्यास करतोय." आतून थपथप ऐकू यायची. आमच्या गल्लीतले लोक सभ्य आहेत, कसला अभ्यास ते विचारत नाहीत.

दादाची खरी अडचण होती मंद्रूपचं स्थळ. मुलीकडच्यांना दिलेल्या बायोडाट्यात 'स्पर्धा परीक्षेची तयारी चालू' असं होतं. आमच्याकडे ही मानाची नोकरी समजली जाते. पगार नसतो, पण बढतीची आशा कायम असते. त्या जागी 'भाकऱ्या थापतो' असं लिहून मंद्रूपला पाठवायची छाती कुणाची? म्हणून अजिंक्यला आणखी एक वर्ष पुण्याला धाडायचं असं दादाच्या मनात होतं. क्लासवाल्यांना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. अजिंक्य नको म्हणाला नव्हता. हो तर त्याहूनही नाही. विषय निघाला की तो पुढचा गोळा हातात घ्यायचा.

अशात दादाच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं: आपल्या पाल्याचा कल घरबसल्या ओळखा, तोही मोफत. 'पाल्याचा कल' दादाच्या डोक्यावरून गेलं असणार. 'मोफत' मात्र थेट काळजात शिरलं.

"वैजू, तुझ्या नाकावर चष्मा हाय. तू वाच," त्यानं मोबाइल माझ्याकडे दिला. "त्याचं हात पिठात हायत. आमी सांगतो, तू दाब."

आता कुणी म्हणेल, पोराची चाचणी आणि उत्तरं घरच्यांनी द्यायची, हे काय? पण आमच्या घरात हीच रीत आहे. पाहुणा विचारतो, "अजिंक्य, चहा घेणार?" दादा सांगतो, "घेईल की." अकरावीला कुठल्या शाखेला घालायचं हे कॉलेजातल्या सरांनी अजिंक्यला विचारलं, उत्तर त्याच्या मामानं दिलं. घरात मोठी माणसं असताना पोरानं स्वतःची आवड स्वतः सांगायची म्हणजे मोठ्यांना ती माहीत नाही असा अर्थ होतो. तेव्हा आम्ही त्याच्याभोवती गोल करून बसलो आणि त्याचा कल शोधायला लागलो. तो मधोमध बसून थापत होता.

"पहिला प्रश्न," मी वाचलं. "तुम्हाला हातांनी काम करायला आवडतं का? खूप, थोडं, सांगता येत नाही, अजिबात नाही."

सगळ्यांनी अजिंक्यच्या हातांकडे पाहिलं. परातीत भाकरी गरागरा फिरत होती, मोठी होत होती, आणि कडेला एक चीर नव्हती. त्यानं ती तळहातावर अलगद उचलली आणि तव्यावर अशी सोडली, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं.

"अजिबात न्हाय," दादा म्हणाला.

मी दाबलं.

"लोकांसमोर बोलायला आवडतं का?"

"लई आवडतं."

"अहो, शाळंत भाषणाला उभा केला की ताप यायचा त्याला," वहिनी म्हणाली.

"आता येऊ दे की ताप. सायेब झाल्यावर सरकारी गाडी हाय दवाखान्यात न्यायला."

"एकच काम तासन् तास न कंटाळता करू शकता का?"

"व्हय!" या एकाच उत्तरावर आमचं एकमत झालं. प्रत्येकाच्या मनात काम वेगळं होतं, ते मोबाइलनं विचारलं नाही.

शेवटी मोबाइलवर चाक फिरलं आणि निकाल आला. विमानातल्या प्रवाशांची सरबराई करणारा कर्मचारी.

"म्हंजे विमानात च्या द्यायचा व्हय माज्या पोरानं?" दादा भडकला.

"आता आपल्या गावात बी विमान येतंय की मालक," गिरिजाबाई म्हणाल्या. "जवळच्या जवळ हुईल."

"तुमी गप थापा ओ."

दुसरी चाचणी केली. फुकटच होती. तिनं त्याला नाटकात काम करायला सांगितलं. वहिनीनं कपाळाला हात लावला. मला मात्र यंत्राबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला, कारण महिनाभर त्या घरात नाटकच चाललं होतं, फक्त अजिंक्य सोडून सगळ्यांची कामं त्यात होती.

"अजिंक्य, तुला काय वाटतं रे?" मी विचारलं.

"त्याला काय वाटायचंय?" दादा म्हणाला.

अजिंक्य मान वर न करता म्हणाला, "आत्या, तुमच्या बाजूची आच जरा कमी करा. करपेल."

तिसऱ्या चाचणीपर्यंत दादाला मख्खी कळली होती. हुकूम देणं, शिस्त, जबाबदारी, मोठं टेबल असं काही आलं की 'खूप'. स्वयंपाक, चित्रकला, झाडं, मांजरं असं काही आलं की 'अजिबात नाही'. मला वाचायलाही सवड देईना. आणि आला निकाल: प्रशासकीय अधिकारी, ब्याण्णव टक्के.

"बघा!" दादा उभाच राहिला. "मशीन खोटं बोलंल व्हय?"

आयुष्यात अर्जसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या माझ्या भावानं तिसऱ्या प्रयत्नात परीक्षा काढली होती. त्यानं मला त्या निकालाचा फोटो काढायला लावला आणि उभ्या उभ्या मंद्रूपला पाठवून दिला. मग क्लासवाल्यांचा नंबर शोधायला लागला. अजिंक्यची थपथप थांबली. त्यानं हातातला गोळा परत पिठाच्या ढिगावर ठेवला आणि त्या गोळ्याकडे बघत बसला. वहिनी मोठ्यानं म्हणाली, "त्याची ब्याग माळ्यावर हाय," आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

एजाज. आमच्या भाकऱ्या टेम्पोत घालून स्टँडवरच्या दुकानांत आणि हायवेच्या हॉटेलांत पोचवतो तो. अजिंक्य पिठाच्या हातांनी आतल्या खोलीत पळाला, गिरिजाबाई सरकून त्याच्या जागेवर बसल्या, वहिनीनं कडी काढली. हे सगळं आता इतकं सवयीचं झालं होतं की कुणी कुणाला खूणसुद्धा केली नाही.

एजाजनं थप्पीतली एक भाकरी उचलली, कानाशी धरून कडकन मोडली.

"हौ, हीच," तो म्हणाला. "आबासाहेब, ह्या हातची वेगळी बांधा. गिऱ्हाईक मागून घेतंय. कुणाचा हात आहे हा?"

"बसम्माचा," दादानं सांगितलं.

"आली का ती?"

"आली की. कवाच."

"मग बरं झालं. माझा साडू हायवेला हॉटेल काढतोय, त्याला थापणारी पाहिजे. बसम्माला विचारू का? राग नका मानू."

"इचारा की," दादा क्लासवाल्यांचा नंबर लावत म्हणाला. "आपलं काय."

"माशाल्ला, काय हात आहे हो!" एजाज दुसरा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "एक सांगू? तुमच्या घरातल्या कुणाला असला हात नाही. तुमच्या आईच्या हातची मी लहानपणी खाल्लीय. चांगली होती, पण ही नाही. हा बाहेरून आलेला हात. घरातून येत नसतो असला."

दादानं फोनवरून मान वर केली.

"घरातनं येत नसतो?"

"कुठून येणार? तुम्ही भावंडं, एकाला तरी आहे का?"

वहिनी हळूच म्हणाली, "अहो, जाऊ द्या." माझ्या भावाचा चेहरा मी जन्मापासून बघते आहे. पोरगा साहेब व्हावा म्हणून फुगलेली त्याची छाती आता दुसऱ्याच कशानंतरी फुगायला लागली होती, आणि ती आवरायची कशी ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. हातातल्या फोनमधून क्लासवाल्यांचा बारीक आवाज येत होता, "हॅलो? बोला सर, हॅलो?"

"बसम्मा अजून अक्कलकोटलाच हाय," दादा म्हणाला.

"मग ह्या?"

"माज्या पोराच्या हातच्या हायत त्या."

एजाज चावायचा थांबला. "अजिंक्यसाहेबांच्या? ते तर पुण्याला चाललेत ना, अधिकारी व्हायला?"

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं. दादानं तिकडे पाहिलं नाही. फोन त्यानं तसाच चालू, परातीशेजारी उपडा ठेवला.

"त्याला न्हाय व्हायचं अधिकारी," तो म्हणाला. "त्याला भाकऱ्याच करायच्या हायत. आमाला समद्यांना ठावं हाय की. दिवाळीपासनं ठावं हाय."