देवाचा एकच फासा

भर दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. फासेमहाराजांचा पांढरा फासा सलग पाचव्यांदा सहावर पडला होता आणि माणसं हात जोडून उभी होती.

"खेळ सोपा आहे, बाळांनो," महाराज मधाळ आवाजात म्हणाले. "लाडकी वस्तू फळीवर ठेवा. तुमचे फासे दोन, देवाचा एकच. तुमचा एक जरी मोठा पडला, तर वस्तू तुमची आणि दुखणंही गेलं. नाहीतर वस्तू देवाची. बरोबरी झाली तर मान देवाचा. यात माझं काय जातं?"

जातंय कसलं? मागे ढीग लागला होता. रेडिओ, हंडा, सायकल, आणि टाचणीच्या आईचं शिलाई मशीन.

टाचणी म्हणजे शिंपिणीची पोरगी. तिने शाळा सोडली होती, पण बोलणं कुणाचं ऐकून घेत नव्हती. आईचा हात थरथरायला लागला, म्हणून मावशीने आईला इथे आणलं. मशीन गेलं, थरथर राहिली, वर महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली, माई." तेव्हापासून आई मान वर करून बोलत नव्हती. मशीनपेक्षा तेच पोरीला जास्त झोंबलं होतं.

मशीन गेलं त्या दिवशी आईच्या पिशवीतली एक पिन फळीवर पडली आणि आपली आपण महाराजांकडे सरकली. सगळे फासा बघत होते. पोरीने पिन बघितली.

आज तिने फळीवर आईची कात्री ठेवली.

"महाराज, हरलात तर?"

"देव हरत नाही, पोरी."

"मग सगळ्यांसमोर बोला. हरलात, तर ज्याचं त्याला परत."

"दिला शब्द."

तिचे पडले पाच आणि सहा. महाराजांचा सहा. बरोबरी. त्यांचा हात कात्रीकडे गेला, तेवढ्यात तिने पिनांचा अख्खा डबा फळीवर पालथा केला. पिना सरसर पांढऱ्या फाशाभोवती गोळा झाल्या. महाराजांनी चादरीआड गुडघा मागे घेतला, तसा पिनांचा घोळकाही मागे निघाला.

"गुडघा हलवू नका, महाराज. पिना दमतील."

तिने फळीवरून लोंबणारी चादर कात्रीने उभी कापली. गुडघ्याला स्पीकरमधलं जाडजूड लोहचुंबक बांधलेलं. कात्रीच्या दांड्याने फासा फोडला, तर एकच्या ठिपक्याखाली लोखंडाचा तुकडा.

"चुंबक एकला खाली ओढतं, मग वर सहाच येणार. कुणाला जिंकवायचं असलं की हे गुडघा बाजूला घेतात."

लोकांच्या बाह्या वर झाल्या.

"मारू नका. उद्या हाच बिचारा ठरेल. ज्याचं त्याने घ्या, आमचं मशीन तेवढं ह्यांना घरापर्यंत उचलायला लावा."

तीन मजले. प्रत्येक वळणावर महाराज धापा टाकत थांबायचे आणि मागून पोरगी विचारायची, "श्रद्धा कमी पडतेय का?"

आईने दार उघडलं. आधी मशीन बघितलं, मग महाराजांकडे मान वर करून बघितलं, चांगलं रोखून.

मावशी जिन्यात खाली मान घालून उभी होती.

"मावशे, पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात नंतर जोड. आधी वाकून फळीखाली बघ."

आईच्या हातावर आता डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. चुंबक आईकडेच आहे. जमिनीवर सांडलेल्या पिना त्याने झकास गोळा होतात.