कॅझचा तो चेंडू

मित्रांनो, आज माझ्या चामड्याला भेगा पडल्या आहेत आणि माझी वादी कुजली आहे, पण एके काळी हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत मी चेंडू झेलत असे. मी बेसबॉलच्या कॅचरचा हातमोजा आहे. मिसुरीतल्या एका कारखान्यात एका जाड बोटांच्या बाईने मला शिवले. ऑरिन हॅस्केटने मला विकत घेतले आणि आठवडाभर गादीखाली दाबून मऊ केले. पुढे अकरा वर्षे मी त्याच्या डाव्या हातात होतो.

कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि कोणता चेंडू टाकायचा ते चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी खुणावतो. ऑरिन त्यात तरबेज होता. शेवटच्या वर्षी आमच्या संघात कॅझ डोम्बेक नावाचा वीस वर्षांचा पिचर आला. तो तेहतीस वर्षांच्या ऑरिनला "म्हाताऱ्या" म्हणून चिडवी. "म्हाताऱ्या, गुडघे वाजतायत तुझे, मला खुणा ऐकू येत नाहीत."

मोसमाचा निकाल ठरवणारा सामना होता. विरुद्ध संघाला आमच्या खुणा कळल्या आहेत अशी शंका आल्याने ऑरिनने शेवटच्या डावात खुणांचे अर्थ बदलले आणि पुढच्याच चेंडूला स्वतःच विसरला. नव्या अर्थाने त्याने वळणारा चेंडू मागितला. वाट मात्र सरळ चेंडूची पाहिली. कॅझने मागितला तोच टाकला. चेंडू माझ्या कडेला लागून भिंतीपर्यंत गेला, तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, थांबलेल्या त्यांच्या खेळाडूने धावत येऊन धाव पूर्ण केली आणि आम्ही हरलो.

पत्रकारांनी विचारले तेव्हा ऑरिन म्हणाला, "चेंडूच तसा आला. मी काय करणार?"

कॅझ शेजारच्याच बाकावर बूट सोडत होता. त्याने मान वर केली नाही. महिन्याभरात त्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवले आणि तो परत कधी वर आला नाही. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते?

ऑरिन निवृत्त झाला. ओहायोतल्या त्याच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे मी सत्तावीस वर्षे पडून होतो. एका सकाळी त्याने मला बाहेर काढले आणि बायकोला, व्हर्नाला, सगळे सांगून टाकले. ती बटाटे सोलत होती.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "तो चेंडू मी टाकला होता का?"

दुसऱ्याच दिवशी ऑरिन आणि मी सहा तास गाडीने मिशिगनमधल्या अल्पीनाला गेलो. तिथे कॅझ बोटींची इंजिने दुरुस्त करतो. ऑरिनने दारातच सांगितले, "वळणारा मीच मागितला होता, कॅझ. मीच विसरलो."

"माहीत आहे. तुझी बोटं मला दिसत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"पोरगा होतो रे. वाटलं, उद्या तूच सांगशील. मग वाटलं, फोन करशील." कॅझने हात पुसले. "नंतर वाट बघायचं सोडून दिलं."

"मी पेपरात सांगतो. अजूनही सांगतो."

"कुठल्या पेपरात? तो कधीच बंद पडला." मग तो हळू म्हणाला, "माझ्या बाबांना सांगायला हवं होतंस. पोराला दबाव झेपला नाही, असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

ऑरिनने माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग त्याने विचारले, "कुठे पुरलंय त्यांना?"

टेकडीवरच्या दफनभूमीत तो कॅझच्या बाबांच्या थडग्यासमोर उभा राहिला. मला त्याने काखेत धरले होते. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल," मागून कॅझ म्हणाला. "जिवंत होते तेव्हाही त्यांना कमी ऐकू यायचं."

ऑरिनने सगळे सांगितले, खुणेपासून भिंतीपर्यंत. सांगून झाल्यावर तो तसाच उभा राहिला, जणू कोणी उत्तर देणार होते. कॅझने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण त्याला एकटे सोडून तो निघूनही गेला नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. चामडे शेवटी झिजायचेच. पण चूक तुमची असेल, तर ती ऐकणारा माणूस आहे तोवर बोला. आम्ही सत्तावीस वर्षांनी पोहोचलो, आणि जे त्या म्हाताऱ्या बापाने ऐकायला हवे होते, ते वाऱ्याला ऐकवून परत आलो.