बांधावरचा शिलेदार

रविवारी जेवणं आटोपली की कृतिका कंट्रोलर घेऊन टीव्हीपुढे बसायची आणि तिची आजी, आवडाबाई, मागे सोफ्यावर. खेळात एक शिलेदार होता. त्याला आपणच नाव द्यायचं, तलवार द्यायची आणि मुलूखभर हिंडवायचं. आवडाबाईंना लढायांत रस नव्हता. पण एकदा तो खाडीकाठच्या एका गावात पोचला आणि त्यांनी चष्मा पुसला. मिठाचे चौकोनी वाफे, पांढऱ्या राशी, मधून गेलेला मातीचा बांध. कोपर गावात त्यांचं मिठागर असंच होतं. आता तिथे टॉवर उभे होते. त्यातल्याच एकात त्या राहत होत्या.

"बांधावरून चालव गो त्याला."

"अगं आजी, तिकडे काहीच नाहीये. ना खजिना, ना शत्रू."

"नसू दे. चालव."

शिलेदार चालला. इथे उघाडी हवी, आवडाबाई मनात म्हणाल्या. खाडीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं ते फळ्यांचं दार. काळुराम, त्यांचा नवरा, भरतीची वाट बघत तिथेच बसलेला असायचा.

मग कृतिका खेळातल्या गावच्या म्हाताऱ्या पाटलाशी बोलली आणि बांध फुटला.

"खांड परली!" आवडाबाई ओरडल्या. "घराघरांत सांग!"

त्यांच्या गावात बांधाला अशी खांड पडली की हाळी जायची. ताटावरचा माणूसही फावडं घेऊन धावायचा. प्रत्येक घरातून एक तरी.

कृतिकाने शिलेदाराला दारोदार पळवलं. "उघडत नाहीत गं. दारं नुसती रंगवलीयेत."

पाटील एकच वाक्य घोकत होता, "वीरा, आता तूच तार!"

"आन तुझं हात मोरलं काय?" आवडाबाईंनी टीव्हीलाच विचारलं.

कृतिका खो खो हसली. "दोनच पर्याय आहेत, आजी. समुद्रराक्षसाशी लढ, नाहीतर पळ." ती लढली, जिंकलीही. गाव तरी बुडालंच. पुढच्या कथेला ते बुडायला हवं होतं.

आजीचा चेहरा पाहून तिने खेळ मागे नेला. गाव पुन्हा कोरडं झालं.

"पाटलाशी बोललंच नाही ना, तर बांध फुटतच नाही."

"कवाच?"

"कधीच."

"मंग नको बोलू."

त्यानंतरचे कितीतरी रविवार शिलेदार नुसता बांधावर फिरला. "मला शेवट कधी कळणार गं?" कृतिका कुरकुरायची, पण चालवायची.

एका दुपारी आवडाबाई पुढे वाकल्या. "गो, भरती नाय आली अजून."

"येणारच नाही. आपण बोललोच नाही ना."

आवडाबाई बघत राहिल्या. टोपली उचललेली बाई पहिल्या दिवशी होती तिथेच होती. राशी तेवढ्याच. खाडीचं पाणी आतच आलं नाही, तर मीठ धरणार कशावर? काळुराम तरी कुणाची वाट बघत बसेल?

"चल, बोल त्या पाटलाशी," त्या म्हणाल्या. "पन आधी एक फेरी मार."

कृतिकाने कंट्रोलर त्यांच्याच हातात दिला. शिलेदार दोनदा चिखलात उतरला, पुन्हा वर आला. उघाडी असायला हवी होती तिथवर आवडाबाईंनी त्याला नेलं आणि थोडा वेळ तिथेच उभा ठेवला.