वारुळाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. सारं आयुष्य कुंभकोणमच्या बाजारातल्या एका लहान तपासणीखोलीत गेलं. क्षयाचे जंतू असोत की रक्तातल्या पेशी, जे खाली ठेवाल ते मी मोठं करून दाखवतो. तरी लोकांना जे हवं तेच ते बघतात, याचा मला राग येतो.

१९९६ साली मेलकावेरीचा विजयराघव आला. अंग झिजलेलं, मानेला लिंबाएवढी गाठ. डॉक्टर नरसिंहांनी सुईने गाठीतला थेंब काढला, रंगवला आणि माझ्याखाली सरकवला. मोठाल्या, एकसारख्या पेशींची गर्दी दिसली. कर्करोग होता.

मद्रासहून आलेला रक्ताचा अहवाल डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगितला. एचआयव्ही. हा विषाणू शरीराच्या पहारेकरी पेशी मारतो. मग अंगात वर्षानुवर्षं दबून राहिलेले दुसरे विषाणू डोकं वर काढतात. काही पेशी बेसुमार वाढू लागतात आणि त्यांना अडवणारं कोणी उरत नाही.

"घरी फक्त कर्करोग सांगा," तो म्हणाला.

बाहेर बसलेल्या त्याच्या आईला आणि बायकोला डॉक्टरांनी आत बोलावून तेवढंच सांगितलं. तमिळमध्ये कर्करोगाला पुट्रुनोय म्हणतात. पुट्रु म्हणजे वारूळ. घरी मराठी बोलणाऱ्या त्याच्या आईने, वेदवतीबाईंनी, तो शब्द ऐकला आणि त्या तिथेच सुनेवर तुटून पडल्या.

"परसातलं वारूळ कोणी फोडलं? नागाच्या घरावर कुदळ घातलीस, कृष्णवेणी! चल, तिरुविसनल्लूरला, बापाच्या घरी. पुन्हा उंबरा चढू नकोस."

"तुळशीला जागा कर, असं तुम्हीच म्हणालात, आत्याबाई."

"जीभ बघा हिची! नाग गेला, विष इथेच राहिलं."

डॉक्टर विजयराघवकडे बघत राहिले. खरं काय ते त्यानेच सांगायचं होतं. त्याने खाली बघितलं. कृष्णवेणीने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली.

"थांब, वेणी." विजयराघव उठून उभा राहिला. "आई, वारुळाने काही झालं नाही. मला एचआयव्ही आहे. त्यातूनच ही गाठ आली."

वेदवतीबाईंनी पदर आवरून घेतला, मुलापासून दूर सरकल्या. "मग हिनेच दिला असेल!"

"मीच बाहेरून आणला. तिला लागला असेल, तर तोही माझ्याकडून. ती घर सोडणार नाही. कोणी जायचंच, तर मी जाईन."

कृष्णवेणी परत आली. बाही वर करून हात डॉक्टरांपुढे धरला. "घ्या माझं रक्त." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही कुठेही जायचं नाही. औषध सुरू करायचं. तुमच्याशी माझं मोठं भांडण आहे. ते ऐकायला धडधाकट माणूस हवा."

त्या दिवशी तिला कोणी बाहेर काढलं नाही. सासूबाई मात्र एकट्याच निघून गेल्या.

मित्रांनो, घरात आजार आला की आधी माणूस हाकलू नका. आधी तपासून घ्या. रक्त द्यायला लाजू नका. गाठ येईपर्यंत थांबलात, तर मी खरं दाखवीन, पण फार उशिरा.