बटणं बंद करणारी आत्या

घरात वीज आली शुक्रवारी आणि आत्या यायची होती शनिवारी. म्हणजे भिंगरी अगदी काठावर पास झाली होती.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी दोन मिनिटं टेकत नाही म्हणून पडलेलं. विजेचा शेवटचा खांब मोठ्या रस्त्याला होता आणि त्यांचं घर तिथून दीड किलोमीटर आत, ओढ्याच्या काठी. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून तिला चष्मा लागला, तेव्हा आत्याने फर्मान सोडलं होतं, "दहावीला ही माझ्याकडे राहील. शाळा आहे, लाइट आहे, टेबल आहे." आत्या शहरातली मुख्याध्यापिका. तिच्यापुढे बाबांचीही बोलती बंद. तरी त्यांनी उसनं अवसान आणून विचारलं, "ताई, आमच्याकडेच लाइट आली तर?"

आत्या हसली. "आली तर राहू दे इथेच. पण मी येईन तेव्हा दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत जळली पाहिजे. न विझता."

बस, भिंगरीला तेवढं पुरे होतं! घर सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती. बाबा ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक, त्यामुळे सामानाची ददात नव्हती. केबलच्या मोठ्या लाकडी रिळाच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये तेलाचे डबे कापून केलेले खण, त्यावर पन्हळीतून पडणारं ओढ्याचं पाणी, की झालं पाणचाक. चाक डुलत डुलत फिरायचं, म्हणून सायकलच्या साखळ्या आणि लहानमोठी दातेरी चक्रं लावून वेग वाढवला. टोकाला भंगारवाल्याकडची, बंद पडलेल्या ट्रेडमिलची मोटर. ती उलटी वापरली की वीज देते, हे भिंगरीने पुस्तकात वाचलं आणि बाबांना तीन दिवस डोकं खाऊन पटवलं. घरात ट्रकचे चार दिवे लागले: स्वयंपाकघर, बाहेरची खोली, न्हाणीघर, पडवी. एक खण जरा वाकडा होता. दर फेऱ्याला तो पन्हळीला टेकून 'टक' करायचा. टक... टक... आईला तो आवाज इतका आवडला की तिने बाबांना तो खण सरळ करू दिला नाही.

शुक्रवारी चारही दिवे भरभरून जळले. एकही बंद करायची कुणाला इच्छाच झाली नाही. झोपताना भिंगरीने पन्हळीत फळी सरकवली, पाणी वळवलं, चाक थांबलं.

शनिवारी आत्या आली. तिने दिव्यांकडे पाहिलं, दाराशी भरून ठेवलेल्या भिंगरीच्या बॅगेकडे पाहिलं आणि "हं" म्हणाली. चहा घेतला, हात धुवायला उठली.

"न्हाणीघरात कुणी नाही आणि दिवा जळतोय!" खट्. "पडवीत काय भुतं बसलीत?" खट्. बाहेरच्या खोलीतून येता येता तिसरं बटणही खट्.

स्वयंपाकघरात मात्र उजेड वाढत चालला होता. बाबांची छाती फुगली. "बघ ताई, कसा लख्ख! दुपारपेक्षा—"

फट्! काळोख.

"विझला," आत्या म्हणाली. तिने बोट दाखवलं असणार, पण दिसलं नाही कुणाला.

"बल्ब जुना होता गं," म्हणत बाबांनी टॉर्चच्या उजेडात नवा लावला. तो निळसर पांढरा झाला आणि दोन सेकंदांत तोही गेला. आईने गुपचूप कंदील पेटवला. आत्याने नुसती बॅगेची चेन पूर्ण ओढून घेतली.

आणि मग त्या शांततेत भिंगरीला ऐकू आलं. टकटकटकटक! चाक वेड्यासारखं पळत होतं.

"आत्या, तू किती बटणं बंद केलीस?"

"तीन. का? रिकाम्या खोल्या उजळायला काय लग्नघर आहे?"

"अगं, चाकावर चार दिव्यांचं ओझं होतं! तीन उतरल्यावर ते उधळणारच. चौघांची वीज एकट्याच्या अंगावर आली, फुटेल नाही तर काय!"

"म्हणजे चूक माझी?"

बाबांना एकदम छताचं परीक्षण करावंसं वाटलं.

"नाही, माझी," भिंगरी म्हणाली. "या घरात दिवे बंद करणारं माणूस येईल हे मी धरलंच नव्हतं. मला उद्याचा दिवस दे."

"उद्या रात्री साडेनऊची बस आहे," आत्या म्हणाली. "तुझंही तिकीट काढलंय."

रविवारी भिंगरीने जेवताना सुद्धा पक्कड खाली ठेवली नाही. बाबांनी बाजारातून जिन्यात असतात तसली चार बटणं आणली. त्या बटणाला 'बंद' असं काही नसतंच. वीज इकडे नाही तर तिकडे. एका बाजूला घरातला दिवा आणि दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा, बाहेर वाटेवर, पार ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत. आईने वरून झाकायला काचेच्या चार बरण्या दिल्या आणि वर बजावलं, "फुटल्या तर बघ हं."

दिवेलागणीला आत्या परीक्षकासारखी हात मागे बांधून उभी राहिली. मग तिने न्हाणीघराचं बटण दाबलं. न्हाणीघर विझलं, अंगणातली बरणी उजळली. पडवी विझली, पेरूचं झाड दिसायला लागलं. टक... टक... चाकाला काही पत्ताच नाही.

"पुन्हा," आत्या म्हणाली. तिने पाच वेळा केलं. एकेक, मग दोन दोन, मग भराभर सगळी.

"अहो ताई, बटणं झिजतील," आई म्हणाली.

जेवणं झाली. एकही दिवा गेला नाही. आत्याने पर्स घेतली, चपला घातल्या, आणि दारातली भिंगरीची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"वाटेत सामान ठेवायची काय पद्धत आहे ही?" एवढंच बोलून ती बाबांबरोबर निघाली.

भिंगरी आईच्या गळ्यातच पडली. मग पळत जाऊन ती आत्यासाठी एकेक बटण दाबत सुटली. अंगण उजळलं, पेरू उजळला, पायवाट उजळली. आता फक्त पूल राहिला होता. पुलाचं बटण स्वयंपाकघरात, आणि घरात आता जळत होता तो तिथलाच दिवा. तिने हात लावला, तेवढ्यात अंधारातून खणखणीत आवाज आला.

"तो राहू दे जळत! पुस्तक उघड!"

भिंगरीने हात मागे घेतला. पुलापाशी बाबांची टॉर्च लागली.